चाकाचा गुलाब, हिऱ्याची रेघ

लग्नसराईत लातूरला भांड्यांच्या दुकानात गेलं की तर्रर्र आवाज कानावर येतो. रुखवताच्या ताटांवर विजेच्या पेनाने नावं टाकणं चालू असतं. आमच्या आजीच्या तांब्यावरचं नाव मात्र छिन्नीने ठोकलेलं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी अक्षर लागतं. इंग्लंडमधले १८व्या शतकातले, कुणाच्या तरी स्मरणार्थ कोरलेले काचेचे पेले बघताना मला हा तांब्या नेहमी आठवतो. फोटोत सगळंच पांढरट दिसतं आणि सगळ्याला ‘कोरीव’ म्हणून आपण मोकळे होतो. पण ती दोन वेगळी कामं आहेत.

एक चाकाचं. तांबं या धातूची छोटी चकती गरगर फिरत असते, तिला तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावायची आणि पेला खालून टेकवायचा. चकती जागची हलत नाही, पेला हलवायचा. काच झिजून खळगा पडतो, म्हणून पाकळीला खोली येते. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या पाठीराख्यांनी, म्हणजे जॅकोबाइटांनी, पेल्यांवर गुलाब आणि कळ्या कोरून घेतल्या त्या अशा. उघड नाव घेणं राजद्रोहाचं; गुलाब कुठेही खपून जातो.

दुसरं हिऱ्याच्या टोकाचं. इथे खळगा नाही, ओरखडा. रेघ केसासारखी बारीक, कडेला किंचित खरखरीत. जॅकोबाइटांचेच ‘आमेन’ पेले असे आहेत: मुकुटाखाली त्यांच्या स्टुअर्ट राजाची आद्याक्षरं, त्यांच्या गीताची कडवी, शेवटी ‘आमेन’. हिरा लेखणीसारखा धरता येतो, म्हणून त्यात लिहिणाऱ्याचं हस्ताक्षर उतरतं. मला गुलाबापेक्षा हे पेले जास्त जवळचे वाटतात.

हॉलंडमधल्या डॉर्ड्रेख्तच्या फ्रान्स ग्रीनवुडने तर रेघही सोडली. हिऱ्याने टोचून नुसते ठिपके: दाट तिथे उजेड, काच कोरी तिथे सावली. त्याला शिसं मिसळलेली मऊ काच सोयीची; तिचं पेटंट इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ साली घेतलं होतं.

एक सावधगिरी. साध्या जुन्या पेल्यांवर मागाहून गुलाब कोरून ते जॅकोबाइट म्हणून विकले गेलेत. पेला जुना म्हणजे कोरणी जुनी, असं धरू नये. आजीच्या तांब्यावरची अक्षरं चिंच-राखेने घासून घासून कडेला गुळगुळीत झालीत. काचेवरही भिंग लावून तेच बघावं: वापराचे ओरखडे पाकळीवरून गेलेत, की पाकळीच ओरखड्यांना कापून गेलीय.