रूथचे 52 होमरन आले कुठून?

समजा, एका ऐतिहासिक बेसबॉल लीगचा हंगामाचा आढावा तुमच्या वाचनात आला: ‘1927. यँकीज 101-53. गेरिग 55 होमरन मारून पहिला, रूथ 52वर दुसरा.’ बेसबॉलची जुजबी माहिती असलेला माणूसही इथे थबकेल. त्या वर्षी बेब रूथने 60 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले होते, लू गेरिगने 47, आणि त्यांचा संघ न्यूयॉर्क यँकीज 110 सामने जिंकून 44 हरले होते. मग लिहिणाऱ्याने घोळ घातला की काय? की हा ‘ड्रीम इलेव्हन’सारखा फँटसीचा प्रकार?

दोन्ही नाही. ही सिम्युलेशन लीग. फँटसीची सख्खी बहीण समजून लोक तिची नेहमी गल्लत करतात, पण दोघींचा हिशेब अगदी उलट्या दिशेने चालतो.

फँटसी आपल्याकडे आता घरोघरी माहीत आहे, त्यामुळे तिच्यावर फार वेळ घालवत नाही. तिचं बेसबॉलमधलं रूप 1980 साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी सुरू केलं. ‘ला रॉटिसरी फ्रान्सेझ’ या रेस्टॉरंटमध्ये ही मंडळी जमायची, म्हणून नावही रॉटिसरी. खेळाडूंचा लिलाव करायचा आणि मग हंगामभर ते मैदानावर जे करतील त्याची बेरीज मांडत बसायचं. आकडा मैदानातून येतो, तुम्ही फक्त वहीत उतरवता.

सिम्युलेशनमध्ये हंगाम आधीच संपलेला असतो. कधीकधी शंभर वर्षांपूर्वी. त्याचे आकडे आधी मोडून त्यांच्या शक्यता करतात आणि त्या शक्यतांवर फासे टाकून नवा हंगाम खेळतात.

हे समजायला शाळेतलं पुस्तक-क्रिकेट आठवा. पान उघडायचं, आकड्याचं शेवटचं घर पाहायचं: 6 आला की षटकार, 0 आला की बाद. गंमत होती, पण एक मोठी खोट होती. गावसकरच्या नावाने पान उघडा नाहीतर चंद्रशेखरच्या, षटकाराची शक्यता तेवढीच! पुस्तक सगळ्यांसाठी एकच. प्रत्येक खेळाडूला त्याचं स्वतःचं पुस्तक, म्हणजे त्याच्या आकड्यांवरून बनवलेलं कार्ड, दिलं की झालं सिम्युलेशन. 1951 साली आलेल्या ‘ॲप्बा’ या बैठ्या खेळाने हेच केलं, आणि 1961मध्ये हॅल रिचमनच्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ने त्यात आणखी एक शहाणपण आणलं. तिथे तीन फासे टाकतात. एका फाशावर 1 ते 3 पडले तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर पाहायचा, 4 ते 6 पडले तर पिचरच्या. बाकीच्या दोन फाशांची बेरीज कार्डावरची नेमकी ओळ सांगते. म्हणजे निम्मा निकाल मारणाऱ्याच्या हाती, निम्मा टाकणाऱ्याच्या. क्षेत्ररक्षणालाही 1 ते 5 असे दर्जे असतात. फँटसीत सहसा ज्याला कवडीची किंमत नसते, तो चपळ पण बॅटीने लंगडा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) इथे सामना जिंकून देतो.

आता रूथकडे परत येऊ. 1927मध्ये तो 691 वेळा फलंदाजीला आला आणि 60 होमरन मारले, म्हणजे शंभरात साधारण 8.7. तेवढ्याच संधी देऊन याच शक्यतेने पुन्हा पुन्हा फासे टाकले, तर तीनपैकी दोन हंगामांत तो 53 ते 67च्या दरम्यान कुठेतरी येईल. 52 त्या पट्ट्याच्या जरासा बाहेर आहे इतकंच. उलट दरवेळी बरोब्बर 60 आले असते तर मी म्हणालो असतो, फासे खोटे आहेत.

दोघींतला फरक 1981च्या संपात फार स्वच्छ दिसला. 12 जूनला खेळाडू संपावर गेले आणि फँटसीवाल्यांकडे मोजायला काही उरलंच नाही. ऑल-स्टार सामना, म्हणजे नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगांतल्या निवडक खेळाडूंची लढत, क्लीव्हलंडच्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये 14 जुलैला व्हायचा होता. त्या दिवशी रिकाम्या मैदानात होम प्लेटपाशी (जिथे फलंदाज उभा राहतो) टेबल मांडून तो स्ट्रॅट-ओ-मॅटिकवर खेळला गेला. एकेकाळचा धडाकेबाज पिचर बॉब फेलर याने पहिले फासे टाकले. नॅशनल लीग 15-2ने जिंकली. खरा सामना संप मिटल्यावर 9 ऑगस्टला झाला आणि तोही नॅशनल लीगनेच जिंकला, पण 5-4ने.

आढावा वाचताना ओळखायचं कसं? गुणांची बेरीज आणि ‘चोऱ्यांत (पळून पुढचा बेस गाठण्यात) पहिला, सरासरीत चौथा’ अशी भाषा असेल तर बहुधा फँटसी. कुठल्या डावात पिचर बदलला, बंट (चेंडूला नुसती बॅट टेकवणं) का केला, याची चर्चा असेल तर सिम्युलेशन. कारण इथे मालकच मॅनेजरही असतो, आणि हरल्यावर खापर फोडायला खेळाडू सापडत नाही.

सिम्युलेशनच्या घरातही दोन चुली आहेत. एक, जुना हंगाम जसाच्या तसा पुन्हा खेळणं. दुसरी, वेगवेगळ्या काळांतले खेळाडू निवडून मिसळ करणं. खरी डोकेदुखी दुसऱ्या प्रकारात. 1930 साली अख्ख्या नॅशनल लीगची फलंदाजीची सरासरी (दर संधीमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण) 0.303 होती. 1968 साली अमेरिकन लीगमधला सर्वांत चांगला फलंदाज कार्ल यस्त्रेम्स्की 0.301वर होता. कागदावर 1930चा सामान्य फलंदाज त्याच्या बरोबरीचा! म्हणून चांगल्या लीगा प्रत्येक आकडा त्या त्या वर्षाच्या सरासरीशी ताडून मगच कार्ड बनवतात.

दुसरा सापळा थोड्या संधींचा. बॉब हेझलने 1957मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्जकडून 0.403ची सरासरी गाठली, पण फक्त 134 अधिकृत संधींत. त्याचं कार्ड रोज खेळवलं तर तो सिम्युलेशनमध्ये सगळ्या दिग्गजांना मागे टाकेल. त्यामुळे बऱ्याच लीगांत वापरावर मर्यादा असते: प्रत्यक्षात जेवढ्या संधी मिळाल्या, जवळपास तेवढ्याच इथेही. आढाव्यात ‘हेझलच्या संधी ऑगस्टमध्येच संपल्या’ असं वाक्य दिसलं तर तो दुखापतीने बाहेर गेलेला नाही. मॅनेजरने त्याला आधीच उधळून टाकलंय.