सांत्वनाचं ताट: गोव्यातल्या कोंसुआदची पार्श्वभूमी

गोव्यात नाताळ आला की घराघरांतून ताटं निघतात. वर क्रोशाचा पांढरा रुमाल, खाली गोडाचे पदार्थ: नेवऱ्या (करंज्या), कुलकुल (तळलेले गोड शंख), दोदोल (काळ्या गुळाची मऊ वडी), चणाडाळीचं दोस, जमलं तर बेबिंका ह्या थराथरांच्या केकचा काप. हे कोंसुआद. मंगळूरकडे त्याचंच कुस्वार झालं.

शब्द पोर्तुगीज. ‘कोन्सोआदा’ म्हणजे मुळात उपासाच्या दिवशी रात्री घ्यायचं हलकं खाणं. नाताळची पूर्वसंध्या कॅथलिकांना उपासाची आणि मांसवर्ज्य असे. पोर्तुगालमध्ये त्या रात्री आजही खारवलेला बाकल्याव मासा शिजतो तो त्यामुळेच. पोप सहावे पॉल यांनी 1966 मध्ये नियम बदलले आणि ती सक्ती गेली. नाताळची भेट हाही ह्याच शब्दाचा एक अर्थ. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘सांत्वन करणे’ ह्या क्रियापदात सांगतात.

गोव्यात सांत्वनाचा हा अर्थ अक्षरशः पाळला गेला. वर्षभरात ज्या घरात माणूस गेलं, तिथे गोडाची कढई चढत नाही. त्या घराचा नाताळ शेजाऱ्यांच्या ताटांवर होतो. सुतकाच्या दिवाळीत फराळ बाहेरून यावा, ही आपल्याकडची रीतही हीच. इन्क्विझिशन म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांच्या कितीतरी जुन्या चाली बंद करायला लावल्या; ताट पाठवण्यामागची माया मात्र टिकली. आमच्या मते नाव लिस्बनचं आणि रीत इथल्या मातीची, असंच हे आहे. म्हणून ते हिंदू शेजाऱ्यांकडेही जातं, आणि चतुर्थी-दिवाळीला तिकडून ताट येतं.

योहानाच्या शुभवर्तमानात (3:16) देवाची प्रीती एकाच क्रियापदाने सांगितली आहे: त्याने ‘दिला’. ताट आधी दुःखाच्या घरी न्यावं असं आम्ही म्हणतो ते ह्याच आधारावर. उरलंसुरलं तिथे जाऊ नये.

देण्यात कष्टही आहेत. दोदोलला साधारण अर्धा किलो तांदळाचं पीठ, 1 किलो माडाचा काळा गूळ आणि 4-5 नारळांचं दूध लागतं. गूळ आधी विरघळवून गाळून घ्यावा, नाहीतर कचकच लागते. हात थांबला की बुडाला धरतं, आणि करपल्याचा वास सगळ्या कढईला लागतो. कडेने तेल सुटून गोळा एकजीव झाला की उतरवावं. घाई केली तर कापताना सुरीला चिकटतं आणि लवकर बुरसतं. नेवऱ्यांचं खोबरं ओलसर राहिलं तर तळताना फुटतात. कुलकुल गरम असतानाच डब्यात भरले की वाफ धरून मऊ पडतात.

ताट लावताना दोदोल आणि दोस केळीच्या पानावर वेगळे ठेवावेत, म्हणजे त्यांचा ओलावा कुलकुलांना लागत नाही. दुःखाच्या घरून ताट त्याच दिवशी परत मागू नये. रिकामं परत करायचं नाही म्हणून ती माणसं निदान चिमूटभर साखर घालतील. तेवढी सवड त्यांना द्यावी.