'खत कुठून आणलंत?' : ब्रिटनच्या अलॉटमेंटवरच्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याच्या तुकड्यावर, भाजी करणाऱ्यांच्या ऑनलाइन गप्पांत कुणी वाकड्या टोमॅटोचा फोटो टाकला, की पहिला प्रश्न रोगाचा येत नाही, खताचा येतो. शेणखत घातलं होतं का? कुठून आणलंत? नव्या माणसाला ही पोलिसी चौकशी वाटते. जुन्यांच्या डोक्यात मात्र 2008 चा उन्हाळा असतो, खताने देशभर भाजी वाकडी केली तो.

त्याआधी शब्दाचा गुंता. मराठी कानाला 'अलॉटमेंट' म्हटलं की म्हाडाचं किंवा सिडकोचं पत्र आठवतं. इंग्लंडमध्ये तो शब्द भाड्याच्या भाजीच्या तुकड्याला चिकटला, कारण कुंपणं घालून सामायिक जमिनी खासगी झाल्या तेव्हा भूमिहीनांच्या वाट्याला जे 'नेमून दिलं' गेलं ते हेच. 1845 च्या कायद्याने असे तुकडे राखून ठेवण्याची तरतूद केली, पण प्रत्यक्षात फारच थोडी जमीन त्यांच्या वाट्याला आली. 1908 च्या कायद्याने मागणी असेल तिथे जमीन देण्याची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली. 1922 मध्ये व्याख्या ठरली: जास्तीत जास्त 40 पोल, आणि पीक मुख्यतः स्वतःच्या घरच्या खाण्यासाठी. 1969 मध्ये एका सरकारी समितीने 'अलॉटमेंट' या शब्दाला गरिबीचा वास येतो म्हणून 'विरंगुळ्याची बाग' अशा अर्थाचं नाव सुचवलं. ते फारसं कुणी उचललं नाही, आणि बरंच झालं.

आता हे 'पोल' काय? रॉड, पोल आणि पर्च ही एकाच मापाची तीन नावं: साडेसोळा फूट. लांबीचं माप म्हणून ठीक, पण अलॉटमेंटवर 'दहा रॉडचा तुकडा' म्हणजे दहा चौरस रॉड, आणि 'चौरस' हा शब्द कुणी उच्चारत नाही. त्यामुळे दर वर्षी कुणीतरी नवखा विचारतो की दहा रॉड लांब म्हणजे रुंदी किती? मग दोन दिवस वाद. मराठी वाचकाला हे समजायला खरं तर सोपं आहे. आपला गुंठा 33 फूट गुणिले 33 फूट, जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीतल्या 33 फुटी, सोळा आणे साखळीतून आलेला. 33 फूट म्हणजे बरोबर दोन रॉड. तेव्हा एक गुंठा म्हणजे चार चौरस रॉड, दहा रॉडचा पूर्ण तुकडा म्हणजे अडीच गुंठे, हल्ली अनेकांना मिळणारा अर्धा तुकडा म्हणजे सव्वा गुंठा, आणि 1922 ची कमाल मर्यादा दहा गुंठे. काही परिषदांची भाड्याची पत्रं आजही रॉडच्या हिशेबाने येतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तुकड्यांची संख्या 14 लाखांच्या घरात गेली होती. तेव्हा ज्ञान वरून खाली यायचं. सरकारी पत्रकात 90 फूट बाय 30 फूट जमिनीचा आराखडा, कुठल्या ओळीत काय पेरायचं ते आखून दिलेलं. शिवाय रविवारी दुपारी रेडिओवरचं बागकामाचं भाषण. युद्ध संपल्यावर संख्या घसरत गेली; आज ती तीन-सव्वातीन लाखांच्या आसपास आहे. असे बरेच तुकडे एका कुंपणाच्या जागेत एकत्र असतात; उरलं ते त्या जागेच्या फाटकाच्या आतलं. फाटकावरची सूचनांची पाटी. चुना, हाडांचं खत आणि बियाणं घाऊक आणून विकणारी लाकडी खोपी, रविवारी सकाळी दोन तास उघडी. हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून केलेली बियाण्याची मागणी. उन्हाळ्याच्या शेवटी लांबच लांब लीक (कांद्याच्या कुळातली भाजी) आणि एकसारख्या कांद्यांचं प्रदर्शन. शेजारचा म्हातारा कुंपणावरून सांगेल ते शास्त्र. हे सगळं उत्तम चालायचं, फक्त एका जागेवरच्या माणसाला चार मैलांवरच्या दुसऱ्या जागेवर काय चाललंय हे कळायला वाटच नव्हती. फाटकाला कुलूप, किल्ली फक्त भाडेकरूंकडे.

1990 च्या दशकात डायल-अपवरून काही लोक रात्री एकमेकांशी बोलू लागले. विषय बहुधा गोगलगायी. बटाट्याच्या करप्याचा इशारा पुढे ईमेलवर येऊ लागला. त्याचा नियम 1956 पासूनचा: सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंश किंवा वर, आणि दोन्ही दिवशी निदान 11 तास आर्द्रता 90 टक्के किंवा जास्त. 2017 मध्ये तासांची अट 6 वर आली. पण करपा ओळखीचा शत्रू. काळी पडलेली पानं बघून कुणालाही नाव सांगता येतं, त्यासाठी देशभर बोलावं लागत नाही.

2008 च्या जूनमध्ये जे दिसलं त्याला नाव नव्हतं. बटाट्याचे शेंडे नेच्यासारखे आकसलेले. टोमॅटोची पानं वाटीसारखी वळलेली. घेवडा, वाटाणा, गाजर सगळं वेडंवाकडं, आणि त्याच वाफ्याशेजारी मका ठणठणीत. प्रत्येक फाटकाच्या आत प्रत्येकाला वाटलं की आपलंच काही चुकलं. कुणी विषाणूला दोष दिला, कुणी थंडीला, कुणी शेजाऱ्याच्या फवारणीला. समितीच्या बैठकीत सांगायलाही लाज वाटावी अशी पिकं. फोटो ऑनलाइन शेजारी शेजारी आले तेव्हा कुठे कळलं की देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत सारखीच पानं वळताहेत, आणि सगळ्यांत समान गोष्ट एकच: शेणखत नाहीतर घोड्याची लीद.

कारण निघालं अमिनोपायरॅलिड. कुरणातलं गवत राखून रुंद पानांचं तण, म्हणजे काटेरी थिसल, चुका, खाजकुयलीसारखी नेटल, मारणारं तणनाशक, तेव्हा बाजारात नवंच. फवारलेलं गवत जनावर खातं, त्याला अपाय होत नाही, औषध पोटातून तसंच बाहेर पडतं. गवताच्या काष्ठमय भागात ते धरून बसतं आणि काडीकचरा मातीत कुजेल तसं सुटत जातं. म्हणजे खत वर्षभर ढिगात ठेवून काळंभोर, भुसभुशीत झालं तरी भरवसा नाही. ज्या गुणासाठी शेणखत घ्यायचं, हळूहळू सुटत राहण्याचा, तोच इथे उलटला. विदर्भात शेजारच्या शेतातल्या 2,4-डी मुळे कापसाची पानं भेंडीसारखी झालेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही जातकुळी परकी नाही. दोन्ही रसायनं वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करणारी.

शेतकऱ्याच्या डब्यावर इशारा होता, हे नोंदवायलाच हवं. पण डबा फवारणाऱ्याकडे, गवताच्या गाठी व्यापाऱ्याकडे, घोडे तबेल्यात, आणि लीद मात्र 'फुकट, घेऊन जा' अशा पाटीखाली. चार हातांतून जाताना लेबल पहिल्याच हाती राहिलं. त्यातच भाजी खावी की नाही यावर आधी 'खाऊ नका' असा सावध सल्ला, आणि नंतर प्रकृतीला धोका नाही असा खुलासा. दोन्ही एकाच उन्हाळ्यात. वाफ्यात उभ्या माणसाने कुठला पाळायचा?

जुलै 2008 मध्ये विक्री आणि वापर थांबला. वादाची खरी जागा मात्र त्यानंतरची आहे. 2009 मध्ये नियामकांनी अटी घालून परवानगी परत दिली. औषध फक्त गायी-मेंढ्यांच्या चरण्याच्या कुरणावर वापरायचं, फवारलेलं गवत वाळवून किंवा मुरघास करून विकायचं नाही, शेण त्या शेताबाहेर जाऊ द्यायचं नाही, विक्रीही प्रशिक्षित सल्लागाराच्या हातून. परवानगीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की दोष रसायनाचा नव्हता, निरोप न पोचल्याचा होता, आणि थिसलने भरलेलं कुरण पशुपालकाला परवडत नाही. दुसरी बाजू विचारत होती की ज्या साखळीत लेबल एकदा हरवलं तिथे आणखी लांब लेबल लावून काय होणार? शिवाय याच कुळातल्या क्लोपायरॅलिडने 2000 च्या सुमारास अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कंपोस्ट बिघडवलं होतंच. तो अनुभव डोळ्यांसमोर असताना ब्रिटनमध्ये सगळे चकित कसे झाले, याचं पटणारं उत्तर मला तरी कुठे मिळालेलं नाही. अटी वाईट नव्हत्या. त्या पाळल्या जाताहेत की नाही हे तपासायचं काम मात्र शेवटी टोमॅटोवरच आलं.

नंतरची गोष्ट वेगळ्याच दिशेने गेली. स्मार्टफोन आले आणि बऱ्याच जागांनी स्वतःचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. 2020 च्या टाळेबंदीत रोजच्या व्यायामासाठी अलॉटमेंटवर जायला मुभा होती, पण घोळक्याने उभं राहायला नव्हती, तेव्हा या ग्रुपांनी खोपीची जागा घेतली. जास्तीची दोडकी कुणाकडे, नळ कधी बंद होणार, पाण्याच्या टाकीत कोल्हा पडलाय: सगळं तिथे. इंग्लंडच्या मध्यभागातल्या मिडलंड्समधल्या काही जागांवर मेथी-कोथिंबीर पेरणाऱ्या आजींचा सल्लाही त्यात येतो, बहुधा नातवाने टाइप केलेला. सोय मोठी, यात शंका नाही. पण ग्रुप त्या त्या जागेचा, बाहेरच्याला प्रवेश नाही. 2008 ला जी भिंत पडली ती पुन्हा उभी राहिली, या वेळी फोनच्या आत. 2020 नंतर पिशवीतल्या विकतच्या कंपोस्टबद्दल तशाच वाकड्या पानांच्या तक्रारी सुरू झाल्या, तेव्हा त्या आधी अशाच बंद ग्रुपांतून सुट्या सुट्या फिरत राहिल्या.

2008 नंतर पसरलेली एक युक्ती तेवढी टिकली. नव्या खताच्या ढिगात चार-पाच ठिकाणी हात घालून नमुना घ्यायचा, भरवशाच्या कंपोस्टमध्ये मिसळून तीन कुंड्या भरायच्या. आणखी तीन कुंड्या नुसत्या कंपोस्टच्या. सगळ्यांत ब्रॉड बीन, म्हणजे बाकल्याचं बी. तीन-चार आठवड्यांत दोन्ही रांगांची पानं सारखी सपाट आली तर खत वाफ्यात. पहिल्या रांगेची वळली तर ढीग तिथेच राहू द्यायचा आणि कुंड्यांचा फोटो टाकायचा, खत कुठून आणलं ते न विचारता सांगून.