२^६७ − १ (मर्सेन संख्या)

२^६७ − १, म्हणजे २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संयुक्त संख्या. द्विमान पद्धतीत ती सलग ६७ वेळा १ लिहून मांडतात. तिचे मूळ अवयव दोनच आहेत : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. संख्या संयुक्त आहे हे कळणे वेगळे आणि तिचे अवयव हाती लागणे वेगळे. या संख्येच्या बाबतीत त्या दोहोंमध्ये २७ वर्षे गेली.

फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये, २^न − १ ही मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी दिली. म्हणून या रूपाच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. त्या यादीत ६७ होता. १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी ही संख्या मूळ नसल्याचे दाखवले, पण एकही अवयव न सांगता. त्यांच्या कसोटीला अमेरिकन गणितज्ञ लेमर यांनी पुढे सुटसुटीत रूप दिले : ४ पासून सुरुवात करायची, दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि २^६७ − १ ने भागून बाकी तेवढी ठेवायची. ६५ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. येथे ती शून्य येत नाही. अवयव मात्र ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कमधील सभेत अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले.

अवयव शोधताना वाटेल त्या संख्येने भागून पाहावे लागत नाही, ही या संख्येची मोठी सोय. क ही मूळ संख्या २^६७ − १ ला भागत असेल, तर क ने भागल्यावर १ बाकी देणारा २ चा सर्वांत लहान घातांक ६७ च असतो, कारण ६७ स्वतः मूळ आहे. म्हणून क − १ ला ६७ ने भाग जातो आणि क विषम असल्याने १३४ नेही जातो. शिवाय २^६८ ची बाकी २ येते, म्हणजे २ ही २^३४ च्या वर्गाची बाकी ठरते. २ ही वर्गाची बाकी असेल तर, ज्ञात नियमानुसार, क ला ८ ने भागल्यास १ किंवा ७ च उरतात. थोडक्यात क = १३४ट + १, आणि ट ला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १. लहान अवयवासाठी ट = १४,४५,५८० येतो. या चाळणीतून ओळीने गेल्यास तो ७,२२,७९० वा उमेदवार ठरतो. त्यातले ३, ५, ७ ने भाग जाणारे आधीच वगळले तरी हाताने करायला हे काम प्रचंडच. कोल यांनी वर्गशेषांच्या (वर्गसंख्यांना भागून उरणाऱ्या बाक्यांच्या) आधारे उमेदवार आणखी गाळले.

सापडलेला अवयव तपासणे मात्र कागद-पेन्सिलीचे काम आहे. घातांक १६, ३३, ६७ असा चढवत न्यावा. २^१६ = ६५,५३६. त्याचा वर्ग करून दुप्पट केली की २^३३ = ८,५८,९९,३४,५९२. याला १९,३७,०७,७२१ ने भागल्यास भागाकार ४४, बाकी ६,६७,९४,८६८. या बाकीच्या वर्गाची दुप्पट ८९२३१०८७८२२७४८४८ येते आणि ती बरोबर १९,३७,०७,७२१ × ४,६०,६४,८०७ + १ एवढी आहे. बाकी १ उरली, म्हणजे २^६७ − १ ला पूर्ण भाग जातो.

फर्माची कसोटी सांगते की विषम संख्या मूळ असेल, तर २ चा (संख्या − १) वा घात तिने भागल्यास बाकी १ उरते. २ हा पाया घेऊन लावलेली ही कसोटी येथे फसते. संख्येतून १ वजा केल्यावर २ × (२^६६ − १) उरतात. त्याला ६७ ने भाग जातो, म्हणून संख्या संयुक्त असूनही बाकी १ च येते. २^६७ − १ संयुक्त असल्याने २^६६ × (२^६७ − १) हा गुणाकारही परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून इतर विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच असते ती) होत नाही : २^६७ − १ च्या दोन जादा विभाजकांमुळे विभाजकांची बेरीज हव्या त्यापेक्षा मोठी भरते.

संगणकावर ही संख्या ६४ बिटांच्या (द्विमान अंकांच्या) पूर्णांकात मावत नाही. दशांश चिन्हाच्या नेहमीच्या प्रकारात ५३ बिटच अचूक राहतात. तिथे २^६७ मधून १ वजा केला तरी उत्तर २^६७ च राहते आणि विषम संख्या सम होऊन बसते. स्प्रेडशीटमध्ये पहिल्या १५ अंकांनंतर शून्ये दिसतात. अवयवांचा गुणाकार पडताळायचा असेल तर कितीही अंकी पूर्णांक हाताळणारी प्रणाली वापरावी, किंवा अवयवांचे तुकडे पाडून गुणाकार हाताने करावा.