सागरगोट्याची वई करायचीय? आधी बी घासा

वईसाठी, म्हणजे कुंपणासाठी, सागरगोटे लावले, अख्खा पाऊस गेला पण एकही उगवला नाही, असं कोकणात बरेच जण सांगतात आणि बी जुनी असेल, किडकी असेल म्हणून नाद सोडतात. बी बहुतेक वेळा धडधाकट असते. मिरगापासून दिवाळीपर्यंत ओल्या मातीत पडून सुद्धा तिच्या आत पाण्याचा एक थेंब गेलेला नसतो, एवढंच.

सागरगोटा म्हणजे गजगा, शास्त्रीय नाव गिलँडिना बाँडुक, जुन्या पुस्तकांत सीसॅल्पिनिया बाँडुक म्हणून सापडेल. चिंच, बहावा, वाटाणा यांच्याच शेंगवर्गी कुळातलं हे आपलं काटेरी झुडूप, पुळणीच्या मागे जिथे केवडा वगैरे असतो तिथे पसरतं. पिवळ्या फुलांचे तुरे येतात आणि मग काट्यांनी भरलेल्या चपट्या शेंगा, आत एक-दोन राखाडी गुळगुळीत बिया. चिल्हारीशी गल्लत करू नका, तिचीही फुलं पिवळी आणि वई तिचीही करतात, पण तिची शेंग बिनकाट्याची असते.

आता बीकडे या. तिच्या कवचात दांड्यासारख्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असतात, भिंतीतल्या चिऱ्यांसारख्या, त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि पाणी नाही म्हणजे कोंब नाही. शाळेत असताना गजगा फरशीवर घासून शेजारच्याला चटका द्यायचो ना, नर्सरीत बी उगवायला नेमकं तेच करतात, फक्त चटक्यापाशी न थांबता कवच झिजेपर्यंत घासतात.

या कवचामुळेच ही बी समुद्र ओलांडते, आणि मला विचाराल तर झाडाची खरी गंमत इथे आहे. आतल्या दोन दलांच्या मध्ये पोकळी राहिली तर बी हलकी होते आणि तरंगते (सगळ्याच तरंगत नाहीत, काही बुडतात), शिवाय खारं पाणी आत जात नाही म्हणून गर्भ जिवंत राहतो. म्हणून तर जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर हे झुडूप दिसतं. सतराव्या शतकाच्या शेवटी हॅन्स स्लोन या ब्रिटिश वैद्य-निसर्गअभ्यासकाने स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर वाहून येणाऱ्या बियांबद्दल लिहिलं त्यात गजगाही होता, आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडलेल्या एका बीपासून चक्क रोप उगवलं होतं, त्याचं चित्र ब्रिटिश निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स यांच्याकडे आलं होतं अशी नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी 1818 मध्ये छापलेल्या लेखात केलीय. अटलांटिक पार करून आलेली बी उगवते आणि आपल्या परसातली उगवत नाही!

तर लावायचं असं. बीला जिथे डोळा असतो, म्हणजे शेंगेला चिकटलेली होती ती जागा, ती सोडून उलट्या बाजूला कानशीने किंवा चिऱ्यावर घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा, गराला धक्का नको. रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी जी फुगलीय ती लावण्यालायक, जी तश्शीच टणक आहे तिला अजून घासायला हवं, यापेक्षा सोपी परीक्षा नाही. बोटाच्या दोन पेरांइतकी खोल टोचा, वईसाठी मीटरभर अंतर ठेवा, पाण्याचा निचरा होईल आणि ऊन मिळेल अशी जागा बघा. रेताड जमीन, खारा वारा चालतो. सावलीत मात्र नुसत्या लांब फांद्या धावतात, वई विरळ राहते.

फांदीवर आणि पानाच्या देठाखाली उलटे वळलेले काटे असतात, त्यामुळे गुरं सहसा शिरत नाहीत, पण जिथून पोरं ये-जा करतात तिथे हे झुडूप लावूच नका. वर्षातून दोनदा तरी आकडी घालून छाटायलाच लागतं, नाहीतर शेजारच्या काजूवर चढतं. गर जहाल कडू असतो आणि तापावर द्यायची पद्धत जुनी आहे, तरी वैद्याला विचारल्याशिवाय घरच्या घरी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

न घासलेल्या बिया डब्यात कोरड्या ठेवल्या तर बरीच वर्षं टिकतात, घासलेली मात्र त्याच दिवशी भिजवा आणि फुगली की लगेच मातीत लावून टाका.