स्लिपर ऑर्किडची ट्रे-लागवड

स्लिपर ऑर्किड म्हणजे सपातीसारख्या फुलांची ऑर्किड, इथे मुख्यतः पॅफिओपेडिलम, ऑर्किडवाल्यांच्या भाषेत नुसतं पॅफ. एका कुंडीत एक झाड असं न करता साधारण ७ ते १० सेंमी खोल पसरट ट्रेमध्ये बरीच झाडं एकत्र लावायची, ती ही पद्धत. फ्लास्कमधून (प्रयोगशाळेत बी रुजवायच्या बाटलीतून) काढलेली बारकी रोपं नर्सरीवाले आधीपासूनच अशी वाढवतात, पण मोठी फुलणारी झाडंही काही जण ट्रेमध्येच ठेवतात.

पॅफला डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडसारखे पाणी साठवणारे फुगीर कंद नसतात. बऱ्याच जाती जंगलात पालापाचोळ्याच्या पातळ थरात किंवा चुनखडीच्या कपारीत वाढतात, मुळं मोजकीच, तपकिरी आणि लवदार, आणि ती खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात, म्हणजे उंच कुंडीचा खालचा अर्धा भाग तसा फुकटच जातो. आर्मेनियाकम ही चीनच्या युनान प्रांतातली पिवळ्या फुलांची जात (१९८२ साली नोंदली गेली) तर नवीन फुटवा आईझाडापासून बरंच लांब, सरपटत्या देठाच्या टोकाला काढते. कुंडीत तो देठ भिंतीला आपटून गोल फिरत राहतो, कधी तर थेट खालच्या भोकातून बाहेर येतो!! मायक्रँथम या जातीचंही तेच. ट्रेचा खरा फायदा अशा जातींना.

आता एक गैरसमज. ट्रे उथळ म्हणजे लवकर सुकणार असं सगळ्यांना वाटतं, वरचा थर सुकतोही, पण तळाशी पाणी धरून राहणारा ओला थर भांडं उथळ असो वा खोल, मीडिया (झाड लावायचं मिश्रण) तोच असेल तर तेवढ्याच जाडीचा राहतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, पाणी थांबलं की उभा करा, अजून पाणी गळतं. ट्रे म्हणजे तो आडवा स्पंज, त्यात ओल्या भागाचा वाटा जास्त. म्हणून इथे मीडिया कुंडीपेक्षा जाडसरच हवा: बार्कचे (झाडाच्या सालीचे) मोठे तुकडे, कोळसा, परलाईट (हलके पांढरे खडे), आणि चुनखडीवाल्या जातींना थोडी शिंपल्यांची चुरी. नारळाच्या सालीचे तुकडे वापरणार असाल तर आधी दोन-तीनदा भिजवून क्षार काढून टाका. तळाला भोकं भरपूर, आणि ट्रे जमिनीला न टेकवता जाळीवर.

तोटेही आहेत. एका झाडाला जिवाणूंची सड लागली, पानावर पाणचट तपकिरी डाग आला, की शेजारी लगेच धोक्यात, आणि कुंडीसारखं झाड उचलून बाजूला ठेवता येत नाही. दीड-दोन वर्षांत बार्क कुजायला लागला की अख्खी ट्रे उपसावी लागते. तेव्हा मुळाला चिकटलेला बार्कचा तुकडा ओढू नका, मुळाची साल त्याच्यासोबत येते आणि तुटलेलं मूळ सहज फुटत नाही. चिकटलेला तुकडा तसाच नव्या मीडियात जाऊ द्यायचा.

महाराष्ट्रात ही ऑर्किड जंगली उगवत नाहीत. भारतातल्या बहुतेक जाती ईशान्येकडच्या, दक्षिणेत फक्त ड्रुरी ही जात, तीही केरळ-तमिळनाडू सीमेवरच्या अगस्त्यमलाईच्या डोंगरात, लोकांनी उपटून उपटून जवळजवळ संपवलेली. गंमत म्हणजे तिचाही मूळखोड लांब सरपटणारा, ट्रेला अगदी योग्य. पण सगळी पॅफ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या वनस्पती-यादीत आहेत, त्यामुळे जंगलातून आणलेलं रोप घ्यायचं नाही, नर्सरीत बियांपासून केलेलंच घ्यायचं आणि विकत घेताना कागदपत्रं मागायची.