ओल्या मातीत माना टाकणारी रोपं

मुलुंडच्या आमच्या गॅलरीत पहिली टांगती कुंडी लागली ती एका नोव्हेंबरात. जांभळ्या पिटुनियाने गच्च भरलेली. सकाळी नळाला पाणी आलं की आधी तिला एक मग, मग बाकीची कामं, असा नेम मी धरला. पंधरा दिवसांत रोपांनी माना टाकल्या. पाणी कमी पडतंय असं समजून मी संध्याकाळचाही मग सुरू केला आणि आठवडाभरात सगळी टोपली गेली. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी झालेली. बोटांत धरून ओढली की साल सुटून हातात यायची आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरायचा. मातीला गटाराचा वास येत होता. ते रोप गुदमरून गेलं होतं.

मुळांना श्वास घ्यावा लागतो, हे शाळेत शिकलेलं असूनही कुंडीसमोर उभं राहिल्यावर आठवत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि तिच्यातला प्राणवायू मुळांपर्यंत पोचतो. त्याच पोकळ्या पाण्याने भरल्या की हा पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पटींनी सावकाश तो पाण्यात पसरतो. प्राणवायू संपला की मुळांच्या पेशींतली आम्लता वाढते आणि पेशींच्या पडद्यावर पाणी आत घेणारी जी सूक्ष्म दारं असतात ती मिटतात. या दारांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दारं मिटल्यावर रोप पाण्यात उभं असूनही तहानलेलं राहतं, पानं लोंबतात आणि आपण घाईघाईने आणखी एक मग ओततो.

पण पाणी खालच्या भोकातून निघून जायला हवं ना? भोक तर होतंच. याचं उत्तर मला स्वयंपाकघरात सापडलं, भांडी घासायच्या स्पंजमध्ये.

नवा, आयताकृती स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवा आणि सिंकवर जाळीवर आडवा ठेवा. पाणी गळेल, मग थेंब थांबतील. आता न पिळता तो लांब कडेवर उभा करा. पुन्हा थेंब पडू लागतात. तेही थांबले की त्याला आखूड बाजूवर, उंच उभा करा. पुन्हा पाणी सुटतं! स्पंज तोच, भोकंही तीच, मग हे पाणी आधी का थांबलं होतं? बारीक पोकळ्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात आणि गुरुत्वाकर्षण ते खाली ओढतं. दोघांची बरोबरी होते तेव्हा तळाशी ठरावीक उंचीचा एक चिंब थर उरतो. त्याची उंची ठरते ती पोकळ्या किती बारीक आहेत यावर. स्पंज आडवा असला की तोच थर मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो, उभा केला की लहान क्षेत्रफळावर, म्हणून जादाचं पाणी बाहेर पडतं.

कुंडीत हेच घडतं. मृदाशास्त्रात या थराला ‘पर्च्ड वॉटर टेबल’ म्हणतात, आपण त्याला अडकलेलं पाणी म्हणू. उंच कुंडीत हा थर तळाशी राहतो आणि वरची बरीच माती मुळांना मोकळी मिळते. उथळ कुंडीत थर तेवढाच, पण मातीची उंचीच कमी, त्यामुळे निम्मी माती चिंब. टांगत्या टोपल्या बहुतेक उथळ असतात. माझ्या टोपलीत तर नर्सरीतून आणलेली चिकट लाल माती नुसतीच दाबून भरली होती. तिच्या पोकळ्या इतक्या बारीक की अडकलेलं पाणी पार वरपर्यंत आलं असणार.

यावरून एक जुनी समजूत सोडून द्यावी लागते. तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घातले की पाण्याचा निचरा होतो, असं आपण सगळेच ऐकत आलो आहोत. मीही कितीतरी वर्षं घातले. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. खड्यांना लागून असलेली माती पूर्ण चिंब झाल्यावरच ते थेंबाथेंबाने खाली जातं. म्हणजे खड्यांमुळे चिंब थर जातच नाही, तो खड्यांच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकातून माती वाहू नये म्हणून जाळीचा एक तुकडा किंवा नारळाची थोडी शेंडी पुरते. बाकी सगळी सुधारणा मातीतच करायची. मी आता एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि वर मूठ-दोन मूठ जाडसर वाळू घेते. टांगत्या कुंडीत माती आणखी कमी करते, कारण पाच लिटरची टोपली लाल मातीने भरून भिजली की आठेक किलोंची होते. ते ओझं एका हुकावर, खाली माणसं ये-जा करत असलेल्या ग्रिलवर लावू नये. हूक नेहमी ग्रिलच्या आतल्या बाजूला असावा.

कोकोपीटबद्दल दोन गोष्टी. नारळाच्या काथ्याच्या भुशात क्षार असतात, म्हणून बाजारातून आणलेली त्याची दाबलेली वीट पाण्यात फुलवल्यावर तो एक-दोन पाण्यांतून धुऊन घ्यावा. आणि तो अगदी कोरडा पडला की आक्रसतो. मग वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली जातं, भोकातून धार लागते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. आपल्याला वाटतं, पाणी पोचलं. अशी टोपली उतरवून बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायची. बुडबुडे यायचे थांबले की समजावं, पोकळ्या भरल्या. मग ती निथळू द्यायची.

आता टांगत्या कुंडीची दुसरी बाजू. जमिनीवरच्या कुंडीभोवती हवा थोडीफार अडून राहते. टांगलेली कुंडी मात्र चहूकडून वाऱ्यात. पानाला लागून ओलसर हवेचा एक पातळ थर असतो, त्यामुळे बाष्पीभवनाला आळा बसतो. वारा तो थर सतत पुसून नेतो आणि पान झपाट्याने पाणी गमावतं. जुलैत हवाच बाष्पाने भरलेली असते, तेव्हा तीन-तीन दिवस पाणी घालायची गरज पडत नाही. तीच टोपली ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की दुपारपर्यंत सुकते. म्हणजे ‘रोज एक मग’ हा नेम वर्षातला बराच काळ चुकीचाच ठरतो. बोट मातीत दोन पेरं घालून बघावं. टोपली तर खालून तळहाताने उचलून बघावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हा फरक हाताला आठवडाभरात कळायला लागतो.

पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या हिशोबाने त्या दिवशी तिथल्या गच्चीवरच्या दहा इंची कुंडीत 48 लिटरच्या आसपास पाणी पडलं असेल. तिच्यात माती मावते आठ-दहा लिटर. तो दिवस अपवादाचा, पण मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. उघड्यावरची माती या काळात पुन:पुन्हा धुतली जाते.

या धुण्यात सगळ्यात आधी जातं ते नत्र. मातीच्या आणि खताच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. पोटॅशियम, कॅल्शियम, अमोनियम हे धनभारी, ते कणांना चिकटून राहतात. नत्राचं नायट्रेट हे रूप मात्र ऋणभारी, त्याला धरायला कोणी नाही. ते पाण्याबरोबर ताटलीत उतरतं. म्हणून ऑक्टोबरात जास्वंदीची खालची, जुनी पानं पिवळी दिसतात. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून कोवळ्या पानांकडे पाठवतं. लोहाचं उलट असतं. ते एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही, म्हणून लोहाच्या तुटीत शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत घालण्याआधी पिवळेपणा वर आहे की खाली एवढं बघितलं तरी निम्मं निदान होतं.

खत थोडं थोडं, पंधरा दिवसांनी आणि माती ओली असताना द्यावं. कोरड्या मातीत खताचं तीव्र पाणी घातलं तर ते मुळांतलंच पाणी बाहेर ओढतं. याच कारणाने पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मी कुंड्यांना घालत नाही. त्यात क्षार एकवटलेले असतात, आणि कुंडीतल्या मूठभर मातीत ते साठत जातात. मातीच्या कुंडीवर बाहेरून धरणारी पांढरी बुरशीसारखी पापुद्री बऱ्याचदा याच क्षारांची असते. एसीचं पाणी मात्र घालावं. ते हवेतल्या बाष्पाचंच असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

मुंबईत फुलांचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. भायखळ्याच्या राणीबागेत महापालिकेचं पुष्पप्रदर्शन भरतं तेही याच दिवसांच्या शेवटी. या काळात माझी सगळ्यात आवडती कामं म्हणजे शेंडे खुडणं आणि सुकलेली फुलं काढणं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, हे 1930 च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं गेलं. शेंडा खुडला की ते डोळे जागे होतात आणि एका काटकुळ्या फांदीच्या जागी दोन-तीन येतात. टोपली भरून ओसंडते ती अशी.

सुकलेली फुलं काढण्यामागचं कारण माझ्या आजीला पक्कं माहीत होतं. तुळशीच्या मंजिऱ्या ती रोज खुडायची. “राहू दिल्या की तुळस म्हातारी होते गं,” असं म्हणायची. ते अक्षरश: खरं आहे. बी धरायला लागलं की झाड आपली शर्करा आणि नत्र बियांकडे वळवतं, पानं झडायला लागतात. मंजिरी काढली की झाडाचं काम अपुरं राहतं आणि ते पुन्हा फुटतं. पिटुनिया, झेंडू, चिनी गुलाब सगळ्यांना हे लागू आहे.

रोज लक्ष द्यायला ज्यांना जमत नाही त्यांनी टांगत्या कुंडीत हा चिनी गुलाबच लावावा. आपल्या घोळीच्या भाजीचा तो जवळचा नातेवाईक. घोळ ही विलक्षण वनस्पती आहे. भरपूर ऊन असताना ती मका-उसासारखं जलद प्रकाशसंश्लेषण करते आणि पाणी तुटलं की निवडुंगासारखी रात्री छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवते. हे दोन्ही मार्ग तिच्या पानातल्या एकाच पेशींत एकत्र चालतात, असं 2022 मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. बाजारात दहा रुपयांना मिळणाऱ्या जुडीत एवढं सामर्थ्य आहे हे कळल्यापासून मी घोळ निवडताना पानं उगाच उलटून बघते.

पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्यांचा माग काढावा. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. सुरुवातीला जुन्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने पुसलं तरी भागतं, पुढे कडुनिंबाचं तेल.

कुंडीखालच्या ताटल्यांकडे मात्र दुर्लक्ष नको. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्याशी अंडी घालतो आणि आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडणारा डास तयार होतो. तो अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ताटलीच्या कडेला चिकटवतो आणि ती कोरडी राहूनही काही महिने जिवंत राहतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. आठवड्यातून एकदा ताटली काथ्याने घासून घ्यायला हवी. पावसाळ्यात तर मी ताटल्या सरळ काढूनच ठेवते.

त्या पहिल्या टोपलीच्याच हुकावर आता नवी पिटुनिया आहे, गुलाबी. सकाळी पाणी आलं की मी आधी तिच्या खाली तळहात धरते. आज ती जड लागली, म्हणून मगातलं पाणी मोगऱ्याला गेलं.